अवघड बोलण्याच्या पाच पायऱ्या

स्पष्ट बोलण्यात आमच्या कारखान्यात माझा हात धरणारा कुणी नाही. हे मी स्वतःच्याच तोंडाने सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. मोठ्या साहेबांना मी तोंडावर सांगितलंय की तुमच्या केबिनमधला पंखा डुगडुगतो. कँटीनवाल्याला सांगितलंय की तुझा चहा आणि कपबशी धुतलेलं पाणी यातला फरक फक्त तुलाच ओळखता येतो. पोटात एक आणि ओठांवर एक असला प्रकार आपल्याकडे नाही.

म्हणूनच एचआरच्या मॅडमनी ते पाकीट माझ्या हातात दिलं.

"तुम्ही स्पष्ट बोलता," त्या म्हणाल्या. "शिवाय ते तुमच्याच विभागातले आहेत. शिवाय तुमच्या नात्यातले."

आम्ही वजनकाटे बनवतो. दागिन्यांच्या दुकानातल्या चिमुकल्या काट्यापासून पोती तोलायच्या काट्यापर्यंत सगळे. कुठलाही काटा कारखान्याबाहेर पडण्याआधी चाचणी खोलीत जातो. तिथे एक माणूस चिमट्याने पितळेची वजनं काट्यावर ठेवतो, आकडा बघतो, वजनं उतरवतो, परत ठेवतो आणि मग कुठे सही करतो. एकतीस वर्षं तो माणूस म्हणजे माझे भावोजी, ताईचे मिस्टर. कारखाना त्यांना मिलिग्रॅम म्हणतो. घरी त्यांनी पाव कापला तरी सगळे काप एका जाडीचे निघतात आणि उरलेल्या टोकाबद्दल त्यांना वाईट वाटतं.

मला इथे चिकटवलं त्यांनीच, एकोणीस वर्षांपूर्वी. पुढे मी भराभर वर चढलो आणि कागदावर त्यांचा साहेब झालो. घरी मात्र अजून तेच मला सांगतात, नीट बस, खुर्चीचा पाय हलतोय.

पाकिटातलं पत्र अर्ध्या पानाचं होतं. चाचणीचं काम आता मशीन करणार, महिनाअखेर खोली बंद, तिथली जागा रद्द. मी ते त्यांना समक्ष सांगायचं, पत्र द्यायचं आणि सही घ्यायची. मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत. नाही जमलं तर पत्र रजिस्टर्ड पोस्टाने घरी जाणार. आणि घरी आलेलं पोस्ट फोडते ताई.

पाकीट मी नऊ दिवस कोटाच्या आतल्या खिशात बाळगलं. भावोजी रोज सकाळी माझ्या टेबलावर डबा ठेवून जायचे, कारण माझी बायको नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायला गेल्यापासून ताई दोन डबे भरते. रोज त्या क्षणी मी तोंड उघडायचो. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं की हवा बदलतेय. तिसऱ्या दिवशी विचारलं, गुडघा कसा आहे. सहाव्या दिवशी त्यांच्याकडून छत्री मागून घेतली. मला छत्री नको होती.

आठव्या दिवशी, गुरुवारी, कार्यशाळा होती.

नोटीस बोर्डावर लिहिलं होतं: 'अवघड संवाद, सोपं नेतृत्व. सर्व विभागप्रमुखांना उपस्थिती सक्तीची.' भावोजीही आले. चाचणी खोलीत ते एकटेच असल्यामुळे ते स्वतःचेच प्रमुख होते आणि गेली एकतीस वर्षं त्यांची स्वतःबद्दल एकही तक्रार नव्हती.

कँटीनची टेबलं भिंतीला लावून खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. ट्रेनर किडकिडीत होता. बावीस माणसांसाठी त्याने गालाला माईक लावला होता. हातात स्पंजचा पिवळा चेंडू.

"आज संध्याकाळपर्यंत," तो म्हणाला, "तुमच्यापैकी कुणालाही कुणाशीही काहीही बोलता येईल. चेंडू ज्याच्या हातात, तो बोलणार. बाकीचे फक्त ऐकणार."

मग त्याने प्रत्येकाला खिशात मावेल असं कार्ड दिलं. पाच पायऱ्या. समोरच्याचं कौतुक करा. डोळ्यांत बघा. बातमी एका वाक्यात सांगा. थांबा. शेवटी विचारा, तुम्हाला काय वाटतंय. भावोजींनी कार्डाची कड अंगठ्याने तपासली आणि मला हळूच म्हणाले, "एक बाजू तिरकी कापलीय."

जोड्या चिठ्ठ्या काढून ठरल्या. माझी चिठ्ठी सातची. भावोजींचीही.

"कामावरची एखादी अवघड बातमी निवडा," ट्रेनर म्हणाला. "खरी नसली तरी चालेल, पण वाटली खरी पाहिजे."

पॅकिंगवाल्याने स्टोअरवाल्याला सांगितलं की तुझ्या बुटांना वास येतो. स्टोअरवाल्याने त्याचं तिथल्या तिथे ऐकून घेतलं आणि दुपारपासून त्याच्याशी बोलणं सोडलं. मग आमची पाळी आली. मनात म्हटलं, चेंडू हातात आहे, कार्ड खिशात आहे, पाकीटही खिशात आहे. याहून सोयीची वेळ परत यायची नाही.

"चाचणी खोली महिनाअखेर बंद होणार आहे," मी भावोजींच्या शर्टाच्या बटणाला सांगितलं.

"डोळे, सर," ट्रेनर म्हणाला. "आणि कौतुक कुठाय? पहिल्यापासून."

दुसऱ्या वेळी कौतुक झालं, डोळे झाले, पण मी थांबलो नाही. बातमी सांगून लगेच पंख्याबद्दल बोलायला लागलो. ट्रेनरने मला परत पहिल्या पायरीवर आणून सोडलं.

तिसऱ्यांदा मी सगळं केलं. म्हटलं, "भावोजी, तुमच्या सहीनंतर एकही काटा परत आलेला नाही. चाचणी खोली महिनाअखेर बंद होतेय, तुमची जागा रद्द झालीय, तुमचं काम आता सीटी-चारशे बारा मशीन करणार आहे." मग थांबलो. मग खिशातून पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं.

"वा, सरांनी वस्तूसुद्धा आणलीय," ट्रेनर सगळ्यांना म्हणाला.

भावोजींनी पाकीट तळहातावर ठेवून जरा वरखाली केलं.

"अकरा ग्रॅम," ते म्हणाले.

सगळे हसले. मी चेंडू त्यांच्याकडे दिला आणि पाचवी पायरी विचारली. तुम्हाला काय वाटतंय. त्यांनी चेंडू गुडघ्यावर ठेवला.

"मला असं वाटतंय," ते म्हणाले, "की रोज सकाळी वजनांवरून फडकं फिरवावं लागतं. नाहीतर धूळ बसते आणि धुळीलाही वजन असतं. ते मशीनला कुणी सांगेल का?"

कुणीच काही बोललं नाही. चेंडू त्यांच्याकडे होता. मग ट्रेनरने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. भावोजींनी न फोडलेलं पाकीट मला परत दिलं. "सांभाळ, तुझं सामान आहे."

दिवस संपताना बक्षिसं वाटली. भावोजींना 'उत्कृष्ट श्रोता' लिहिलेला चहाचा मग मिळाला. मला 'निर्भय वक्ता' असं प्रमाणपत्र.

फाटकाशी मी त्यांना गाठलं. "भावोजी, मघाशी बोललो ते खरं होतं."

"ट्रेनरही तेच म्हणत होता," ते म्हणाले. "अगदी खरं वाटलं म्हणाला."

"तसं नाही. या पाकिटात खरंच पत्र आहे."

"कौतुक राहिलं." त्यांनी कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "पहिली पायरीच चुकतोस बघ दरवेळी."

आता मी कौतुक केलं. कौतुक लांबलं, कारण करण्यासारखं बरंच होतं आणि एकोणीस वर्षांत मी ते एकदाही केलं नव्हतं. मी बातमीच्या वाक्यावर येतोय तोवर त्यांची बस आली. खिडकीतून त्यांनी मला बक्षिसाचा मग दाखवला.

शुक्रवारी पाच वाजता मी चाचणी खोलीत गेलो. कार्ड टेबलावरच ठेवून गेलो होतो. ते पाठीमागून दिसत होते. चिमट्याने एकेक वजन उचलून मखमलीच्या खाचेत ठेवत होते, मोठं आधी, मग लहान. मी दाराशी उभा राहिलो. वाक्य तयार होतं, आदल्या दिवशी बावीस जणांसमोर तीनदा म्हटलेलं. ते काही बाहेर येईना. सगळ्यात लहान वजन खाचेत जाईपर्यंत मी तसाच उभा होतो.

भावोजींनी पेटीचं झाकण लावलं.

"आज काही बोलत नाहीयेस," ते म्हणाले. "म्हणजे खरं आहे."

मी मान हलवली.

"शंका काल आली होती. मशीनचा नंबर कुणी मनाने बनवून सांगत नाही. पण म्हटलं, इतकं सफाईने बोलतोय म्हणजे नाटकच असणार. खरं सांगायचं असलं की तुझ्या तोंडून सलग तीन वाक्यं येत नाहीत. लहानपणी काच फोडलीस तेव्हा चार दिवस ताईचं दप्तर उचलत होतास, तीच सांगते."

मी पाकीट दिलं. त्यांनी ते कडेने नीट फोडलं, पत्र वाचलं, परत एकदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तारीख नऊ दिवसांपूर्वीची आहे."

"हो."

"म्हणजे छत्री तेव्हाची."

"हो."

त्यांनी सही केली. एकतीस वर्षं काट्यांच्या दाखल्यावर करायचे तशीच, खाली रेघ ओढून. मग ती वाळावी म्हणून कागद थोडा वेळ हवेत धरला. पेन बॉलपेन होतं, वाळायचं काही कारण नव्हतं. पण ते धरून बसले.

"ताईला मी सांगतो," शेवटी मी म्हणालो.

"नको. तू कार्ड काढशील."

त्यांनीच सांगितलं. कसं सांगितलं ते मला माहीत नाही. साडेसातला ताईचा फोन आला.

"नऊ दिवस माझ्या हातचा डबा खात होतास तू," ती म्हणाली.

मी थांबलो. मग मला आठवलं की थांबणं ही चौथी पायरी आहे, आणि लाज वाटली.

"बोल की," ताई म्हणाली. "निर्भय वक्ता ना तू. आम्हाला प्रमाणपत्राचं कौतुकाने सांगितलंय यांनी."

"चुकलं माझं, ताई."

"तेवढंच एक वाक्य होतं. पहिल्या दिवशी बोलला असतास तर मी यांच्याबरोबर नऊ दिवस जास्त जागी राहिले असते, दुसरं काय." मग बराच वेळ नुसती भांडी आवरण्याचा आवाज येत राहिला. "सोमवारी डबा गेटवर ठेवला जाईल. न्यायला विसरू नकोस." तिने फोन ठेवला.

महिनाअखेरीला कँटीनमध्ये निरोप समारंभ झाला. मोठे साहेब कार्ड बघून बोलले. पहिलं कौतुक, मग डोळ्यांत बघणं. पाचवी पायरी ते विसरले, त्यामुळे भावोजींना काय वाटतंय हे कुणी विचारलं नाही. कारखान्यातर्फे त्यांना माणसाचं वजन करायचा काटा भेट मिळाला. सीटी-चारशे बाराने तपासलेल्या पहिल्या खेपेतला. त्यावर हिरवं लेबल होतं: 'अचूक'.

सगळ्यांनी आग्रह केला म्हणून भावोजी बूट काढून काट्यावर उभे राहिले. त्यांचं वजन गेली कित्येक वर्षं एकसष्ट आहे. काट्याने अडुसष्ट दाखवलं. ते उतरले, दहापर्यंत मोजलं, परत चढले. अडुसष्ट. त्यांनी काटा खोक्यात ठेवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि खोकं काखेत मारून बस पकडली.

घरी जाऊन त्यांनी खोक्यातलं तक्रारीचं कार्ड भरलं, 'सात किलो जास्त' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पोस्टात टाकलं. गुरुवारी ते माझ्या टेबलावर आलं. नियमाप्रमाणे मी ते अभिप्रायासाठी चाचणी खोलीकडे पाठवलं. खोलीला कुलूप असल्यामुळे शिपायाने ते दाराखालून आत सरकवलं.