मानोंगच्या पेटीची तार

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मानोंग तेओदुलोंच्या कॉलेजातल्या खोलीचं दार बंद असायचं. मानोंग म्हणजे थोरले दादा. आत ते आपल्या मुलीशी बोलत. रोवेलिन रियाधला नर्स आहे. पण हे बोलणं फोनवरचं नव्हे. कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा, असं सहा वर्षं, दर शुक्रवारी.

"अहो, पाठवून द्या की तिला," मी म्हणायचे.

"नको गं विना. तिथे ऐकेल आणि ड्यूटीवर डोळे पुसत बसेल. घरी आली की ऐकेल सावकाश, पाय पसरून."

ती घरी येण्याआधीच मानोंग गेले. डोक्यात रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. रोवेलिनला तिच्या मालकाने सोडलं नाही, बापाचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला, म्हणजे सोमवारी, ती इथे, आमच्या इलोइलोत पोचणार होती. तिचा फोन आला. मला ती तिता, म्हणजे मावशी, म्हणते.

"तिता विना, पासवर्ड मला माहीत आहे. तुम्ही फक्त पापांच्या मशीनला कुणाला हात लावू देऊ नका."

"लावून तर बघू दे कुणी! हात मोडून ठेवीन," मी म्हटलं.

असं बोलायला माझं काय जातं? आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरचं खातं म्हणजे मानोंग आणि मी. वीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. शिकवायचे कमी आणि टोचून बोलायचे जास्त, पण मला जे येतं ते सगळं त्यांचं.

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी फर्मान काढलं की नवं सत्र सुरू व्हायच्या आत प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं नवीकोरी करून हवीत. ही व्यवस्था मानोंगनीच बसवलेली. एक नमुना यंत्र मनासारखं तयार करायचं आणि त्याची हुबेहूब प्रत, आम्ही इमेज म्हणतो ती, क्लाउडवर ठेवायची. आमची लाइन गोगलगायीची. तीस यंत्रांनी तीस वेळा वरून ओढायचं म्हटलं तर ख्रिसमस उजाडेल. म्हणून खोलीतला आमचा सर्व्हर ती एकदाच खाली उतरवून घेतो आणि मग घरच्या घरी सगळ्यांना वाटतो. ठरल्या दिवशी दुपारी बारा वाजले की तो बंद यंत्रांना तारेवरून जागं करतो, त्यांची डिस्क साफ पुसतो आणि नवी प्रत भरतो. कुणी बटण दाबायचीही गरज नाही.

कुठलं यंत्र पुसायचं हे ठरतं यादीवरून. प्रत्येक यंत्रात नेटवर्कचं कार्ड असतं, त्या कार्डाचा नंबर यादीत. मानोंगच्या पेटीवर, म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर, त्यांच्या अक्षरात कार्डाच्या नंबराची चिठ्ठी चिकटवलेली होती. तो नंबर मी 'हात लावू नये' या रकान्यात घातला, दोनदा तपासला. पेटीची नेटवर्कची तार काढून ठेवावी असंही मनात आलं होतं. तीन सेकंदांचं काम. पण तार कुणीही झाडताना परत खुपसतं, यादीला कुणी शिवत नाही. असं मी स्वतःला पटवलं, फार हुशार ना मी!

शुक्रवारी बाराला काम सुरू झालं. मी आणि ग्रंथालयातल्या मानांग, म्हणजे थोरल्या ताई, इसिंग व्हरांड्यात डबा खात होतो. मानोंगच्या मेजावर इसिंगनी सकाळीच एक कप कॉफी आणि पानदेसालचा पाव ठेवला होता. चाळीस दिवस माणूस आपल्या जागांवरून फिरतो, त्याला उपाशी कसं ठेवायचं? मेज तसं रिकामंच होतं. कॉम्प्युटरचा पडदा कार्यालयाने नेला होता, खाली पेटी तेवढी राहिली होती.

इसिंग पाणी आणायला उठल्या आणि दारातच थबकल्या.

"विना, इकडे ये. हळू ये."

पेटीचा दिवा लागला होता. हिरवा, लुकलुकत होता. आत पंखा फिरत होता. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं. वार शुक्रवार.

"आले बघ," इसिंग कुजबुजल्या आणि त्यांनी छातीवर क्रूस काढला. "पोरीशी बोलायला आलेत."

"मेल्यावरसुद्धा वेळ चुकवत नाहीत," मी म्हटलं. हसायला गेले आणि रडूच फुटलं.

"आत जाऊ नकोस. बोलू दे त्यांना मन भरून."

इसिंगनी दार लोटलं. आम्ही दोघी बाहेर उभ्या राहून जपमाळेची प्रार्थना म्हणत राहिलो. वीस वर्षं मी कॉलेजातल्या मास्तरांना बजावत आले की यंत्र आपणहून काही करत नाही, कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणून करतं. ती मी, बंद दाराबाहेर डोळे मिटून उभी होते. मला बरं वाटत होतं, हेच सगळ्यात वाईट. पंखा थांबला तेव्हा मी "सांभाळून जा, मानोंग" असंही म्हटलं.

मग प्रयोगशाळेत जाऊन अहवाल उघडला. काम पूर्ण: एकोणतीस नव्हे, तीस. पण आमच्याकडे चालू यंत्रं एकोणतीसच होती. तेवीस नंबरचं कधीच भंगारात गेलं होतं, यादीतून मात्र त्याच्या कार्डाचा नंबर कुणी काढला नव्हता. अहवालात लिहिलं होतं, तेवीस नंबर, यशस्वी.

आणि मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी वीज पडून मानोंगच्या यंत्रातलं कार्ड जळलं होतं. नवं मागवायचं तर अर्ज, सह्या, सहा महिने. "भंगारात सोनं असतं, विना," म्हणत त्यांनी तेवीस नंबरातलं कार्ड उपसून स्वतःच्या पेटीत बसवलं. टॉर्च मी धरला होता. पेटीवरची चिठ्ठी मात्र त्यांनी बदलली नाही, आणि मी चिठ्ठीवर विश्वास ठेवला. डिस्कला पासवर्डचं कुलूप होतं. अशी डिस्क एकदा पुसली की कुणाचा बाप परत आणू शकत नाही.

सोमवारी प्रार्थना झाली आणि रोवेलिन थेट माझ्याकडे आली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही राखलं नाही. माझ्या थोबाडीत मारली असती तर सोपं झालं असतं. ती म्हणाली, "मला खोली दाखवा."

मी पडदा आणून जोडला. पेटी सुरू झाली आणि पासवर्ड न विचारताच उघडली. त्या सगळ्या कोऱ्या यंत्रांत एकच फाइल असते, स्पीकर तपासायची. नमुन्यात ती मानोंगनी पूर्वीच स्वतःच्या आवाजात घातलेली. मी ती लावली.

"ऐकू येतंय का? येत नसेल तर तार तपासा."

चार सेकंद. रोवेलिनने तोंडावर हात धरला. मग स्वतःच परत लावली. परत विचारलं त्यांनी, ऐकू येतंय का.

"येतंय, पापा," ती म्हणाली.

ती पुन्हा पुन्हा लावत राहिली आणि दर वेळी उत्तर देत राहिली. मला तिथे उभं राहवेना. मी मेजाखाली वाकले आणि पेटीची नेटवर्कची तार काढली. तीन सेकंद लागले.