बेकन थंड तव्यावर

पुड्यात बारा पट्ट्या

कृती. एक : तवा चांगला तापू द्यावा. तेल सोडावं. तेलातून धूर निघाला की

थांबा. ही कृती चुकीची आहे. पण संघप्रियाला ते अजून माहीत नाही. म्हणून आपणही तूर्त गप्प बसू आणि तिच्या मागं उभं राहू, गडमुडशिंगीत, गुरुवारी सकाळी, सन दोन हजार एकच्या डिसेंबरात.

ती शाळेत शिकवते. चाळीस मुलांना एका नजरेत गप्प करते. पण घरात एक माणूस आहे, त्याच्यापुढं तिचं काही चालत नाही. तो माणूस तिचा बाप. गणपती. तिचे आप्पा.

दीड महिन्यापूर्वी आप्पांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायला लागले, आणि सगळ्या भाषेतले दोनच शब्द तोंडात उरले.

"आप्पा, पाणी देऊ?"

"व्हय की."

"आप्पा, ओळखलंसा मला?"

"व्हय की."

"आप्पा, मी दिल्लीची राणी हाय न्हवं?"

"व्हय की."

आक्काताई, म्हणजे आप्पांची थोरली बहीण, संघप्रियाची आत्या, पदर तोंडाला लावून हसायची. "जन्मात बायकूला कवा व्हय म्हटलं न्हाई, आता बघ."

हसण्यासारखं तेवढंच होतं. कारण "जेवता का?" यालाही आप्पा "व्हय की" म्हणायचे आणि घास ओठाला लागला की तोंड मिटून घ्यायचे. दात आवळून नव्हे. हळूच. परक्याच्या घरी आग्रह झाला की माणूस मिटतो तसं. दवाखान्यातून घरी आणून आठवडा झाला होता; भात, खिमट, दूध, काही नाही. पाणी तेवढं चमच्याचमच्यानं जायचं.

डॉक्टर तरुण होता. म्हणाला, "गिळता येतंय त्यांना. खात नाहीत, हा प्रश्न आहे. सोमवारपर्यंत बघू. नाहीतर नाकातून नळी."

दवाखान्यात नळी दोनदा घातली होती आणि आप्पांनी दोनदा उपसून काढली होती, रक्तासकट. तिसऱ्यांदा नर्सनं त्यांचा चांगला हात, डावा, पट्टीनं कॉटला बांधला. आप्पा रात्रभर त्या हाताकडं बघत होते. संघप्रियानं तेव्हाच मनाशी ठरवलं, हा हात पुन्हा बांधू द्यायचा नाही.

सोमवारला चार दिवस होते.

आता बेकनचं. आप्पा पहाटे पाचला उठायचे, भिंतीला धरून स्वयंपाकघरात जायचे, फळीवरचा दांड्याचा जड बिडाचा तवा एका हातानं ओढून काढायचे, शेगडीवर ठेवायचे आणि उभे राहायचे. गॅस न पेटवता. अर्धा अर्धा तास. घरच्यांनी भीतीनं सिलिंडरचं बटण रात्रीच बंद करायला सुरुवात केली होती. आत्या म्हणायची, "डोकं फिरलंय. पेटवायचं इसारला."

तो तवा मिस ॲलनचा होता. कागलच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत, एका बंगल्यात ही गोरी बाई एकटी राहायची. स्वातंत्र्यानंतर तिचे सगळे लोक गेले, ती राहिली. आप्पा तिच्याकडं एकोणीस वर्षं स्वयंपाकी होते. अंधारात सायकल मारत जायचे, सातला तिची न्याहारी टेबलावर. बेळगावच्या कॅम्पातून दर पंधरा दिवसांनी एस.टी.नं पार्सल यायचं, त्यात बेकन, म्हणजे डुकराच्या मांसाच्या खारवलेल्या पट्ट्या. बाई एकोणऐंशी साली विलायतेला गेली आणि जाताना तवा देऊन गेली.

संघप्रियाचा धाकटा भाऊ प्रसेनजीत पुण्याला असतो. पहाटेच्या तव्याची गोष्ट फोनवर ऐकून तोच म्हणाला, "ताई, ते बेकन करायला उठतात गं." आणि पुण्याच्या कॅम्पातल्या एका कोल्ड स्टोरेजमधून त्यानं पुडा घेतला, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून रात्रीच्या लक्झरीनं पाठवून दिला. पुड्यात बारा पट्ट्या. एवढंच मिळालं, सोमवारी यायला जमलं तर आणखी आणतो म्हणाला.

आणि संघप्रियानं तवा तापवला. तेल घातलं. धूर निघाला. कांदा टाकला, कांदा-लसूण चटणी टाकली दीड चमचा, आणि वर तीन पट्ट्या. कोल्हापुरात जन्मलेली बाई याशिवाय दुसरं काय करणार? इथं कुठलाही पदार्थ कडकडीत तेलापासून सुरू होतो.

तव्यानं चर्र केलं. ठसका लागला. पलीकडचे हंबीरराव म्हशीची धार काढता काढता ओरडले, "काय शिजतंय ओ, बाई? लई खमंग!"

"मटण हाय, मामा."

"मटणाचा वास आमास्नी शिकवताय व्हय?"

तिनं ताटली आप्पांपुढं धरली. लाल, काळं, तेलात पोहणारं काहीतरी.

"आप्पा, बेकन."

आप्पांनी ताटलीकडं बघितलं. मग तिच्याकडं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. पोरानं पाटीवर चुकीचं अक्षर काढलं की ती स्वतः बघते, तसं.

"व्हय की," म्हणाले, आणि तोंड मिटलं.

पुड्यात नऊ

कृती. एक : चटणी नको. तेलही नको, त्याचं त्याला सुटतं. तवा मात्र चांगला ता

हे तिनं शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, खाली रेघ मारली. शुक्रवारी तेल न घालता तीन पट्ट्या तापल्या तव्यावर टाकल्या. पट्ट्या आक्रसल्या, गोगलगाय शंखात शिरावी तशा वळल्या, कडेनं काळ्या आणि मधे कच्च्या. आणि तो वास उठला.

तो वास तिला माहीत होता. इथं थोडं मागं जायला हवं. पट्ट्यांचं सुटलेलं तूप, म्हणजे चरबी, मिस ॲलन खायची नाही, ते आप्पांचं. कोकोच्या रिकाम्या डब्यात ओतून ते घरी यायचं. आई भाकरीवर चोपडून पोरांना द्यायची. खारट, धुरकट, असं की बोटं चाटावी. आणि मग एकदा वर्गात शेजारची पोर नाकाला ओढणी लावून सरकून बसली. त्या दिवसापासून संघप्रियानं डब्याला हात लावला नाही. दहावीच्या फॉर्मवर 'वडिलांचा धंदा' असा रकाना होता. तिनं लिहिलं, शेती. यांच्याकडं वीतभर जमीन नव्हती. आप्पांना वाचता येत होतं. त्यांनी तो रकाना वाचला, टोपी सारखी केली आणि खाली सही केली. एक शब्द नाही. तेव्हा तर त्यांच्याकडं सगळे शब्द होते.

बरं. शुक्रवार.

वासानं आप्पा उठून आले. पाय ओढत थेट शेगडीपाशी. डाव्या हातानं गॅस बंद केला. तवा ओढून नळाखाली धरला, वाफेचा ढग उठला. जळक्या पट्ट्या मोरीत गेल्या. सदऱ्याच्या टोकानं तवा पुसला, परत शेगडीवर ठेवला आणि त्यावर तळहात ठेवून उभे राहिले. ताप बघायला पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"चला आप्पा, पडा जरा."

"व्हय की." हलेनात.

तिनं त्यांना दंडाला धरून, जवळजवळ ओढत, कॉटवर नेलं. दार लावून घेतलं. मग मोरीपाशी बसून रडली, नळ सोडून, म्हणजे आत्याला ऐकू जाऊ नये.

ऐकू गेलं. आत्या म्हणाली, "अगं, मलाच ठावं असतं तर सांगितलं नसतं का? मी बी हुतोच की बंगल्यावर. पर मी अंगण झाडत हुतो. आत कवा गेलो? वास यायचा तेवढाच माझा."

पुड्यात सहा

शनिवारी पहाटे तिला जाग आली ती तव्याच्या घसटण्यानं. ती अंथरुणातच पडून राहिली. दाराच्या फटीतून आप्पा दिसत होते. शेगडीवर थंड तवा. त्यावर तळहात. मग हात काढला आणि बटणाकडं नेला. फिरवलं. काही झालं नाही, सिलिंडर बंद. हात परत तव्यावर. पुन्हा बटण.

आणि तिला कळलं. ते काही विसरले नव्हते. ते पहिल्याच पायरीवर उभे होते. पायरी बरोबर होती. घरच्यांनी दुसरी बंद करून ठेवली होती. किती पहाटा? हिशेब करायचं धाडस तिला झालं नाही.

ती उठली. सिलिंडरचं बटण फिरवलं. फ्रीजमधून पुडा काढून ओट्यावर ठेवला, उघडा. काडी तिनंच लावली. मग मागं सरकली.

आप्पांनी आच इतकी बारीक केली की ज्योत आहे की नाही कळेना. थंड तव्यावर एक पट्टी आडवी ठेवली. तिच्या शेजारी दुसरी. तिसरी. एकीचा काठ दुसरीला लागू दिला नाही. एका हातानं. मग वाट बघितली. तवा गप्प होता, बराच वेळ. मग कडेला पांढरं होतं ते काचेसारखं झालं, तूप सुटलं, आणि अगदी हलका आवाज सुरू झाला, कुणी दुसऱ्या खोलीत कागद चुरगाळतंय असा. चिमट्यानं उलटल्या. जास्तीचं तूप तवा कलता करून वाटीत ओतलं. त्यांचा लुळा हात तेवढा वेळ ओट्याच्या कडेला टेकून होता, त्यालाही कामाला घेतल्यासारखा.

तीन पट्ट्या. सरळ, तांबूस, कुरकुरीत.

संघप्रियानं ताटली घेतली. "बसा आप्पा. खावा आता."

"व्हय की."

बसले नाहीत. खुर्ची ओढली, टेबलापासून वीतभर लांब, आणि खुर्चीमागं जाऊन उभे राहिले. खांद्यावर ओट्यावरचं फडकं.

"बसा की."

"व्हय की."

"आप्पा, तुमच्यासाठी केलंय हे. मी पाया पडते तुमच्या, एक घास."

आत्या दारात येऊन उभी होती. मग म्हणाली, "संघे, बाई बसल्याबिगर तो कसा खाईल?"

"कोण बाई?"

"कोण म्हंजे? बाई खायची, हा मागं उभा. तिचं झालं की ताटली उचलायचा, मागल्या दारात जाऊन बसायचा आणि तवा भाकरीनं पुसून खायचा. ते मला दिसायचं अंगणातनं. एकोणीस वर्सं तसंच जेवला त्यो."

"आत्या, मी त्यांची लेक हाय."

"मग बस की लेकी."

संघप्रिया चौदा एप्रिलला गावात भाषण करते. कुणाच्या पायरीशी बसू नका, कुणाला पायरीशी बसवू नका, असं दरवर्षी सांगते आणि लोक टाळ्या वाजवतात. आप्पा पहिल्या रांगेत असतात.

ती बसली.

आप्पांनी फडकं झटकून तिच्या मांडीवर पसरलं. ताटली पुढं ठेवली. तिनं बोटांनी पट्टी उचलली, तर त्यांनी हलकेच तिचं मनगट धरून खाली ठेवलं आणि ओट्यावरून चमचा आणला. काटा घरात नव्हता. चमच्यानं तोडून तिनं पहिला तुकडा तोंडात घातला. खारट. धुरकट. कोकोचा डबा, आईची बोटं, नाकाला लावलेली ओढणी, सगळं एकदम जिभेवर. गिळवेना. मागं आप्पांचा श्वास ऐकू येत होता, वाट बघणारा. तिनं गिळलं.

"एक ठेव," आत्या कुजबुजली. "बाई एक ठेवायची."

दोन खाल्ल्या, एक ठेवली. आप्पांनी ताटली उचलली, मान किंचित लववली आणि पाय ओढत मागल्या दारी गेले. उंबऱ्यापाशी खाली बसल्याचा आवाज आला. मागोमाग आत्यानं नेलेला तवा फरशीवर टेकल्याचा. आत्यानं रात्रीची भाकरी त्यांच्या हातात दिली असावी, कारण ती मोडल्याचा आवाज आला.

मग चावण्याचा.

संघप्रिया ताडकन उठून वळली. तिला बघायचं होतं, एवढंच. जमलं तर शेजारी फरशीवर बसायचं होतं. आप्पांच्या हनुवटीवर तूप होतं, गालात घास होता. तिला उभी बघताच त्यांनी तुकडा तव्यात टाकला आणि भिंतीला धरून उठायला लागले. उजवा पाय घसरला. आत्यानं धरलं.

"बस! आधी बस तू!"

ती बसली. पाठ करून. मांडीवर फडकं.

मग भाकरी तव्यावर फिरल्याचा आवाज, आणि पुन्हा चावणं, सावकाश, एका बाजूनं.

बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला. एवढ्या सकाळी प्रसेनजीतच असणार, आप्पांनी खाल्लं का विचारायला, सोमवारचं विचारायला. आत्यानं आप्पांचा दंड सोडला नव्हता. फोन वाजत राहिला. संघप्रिया समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत ताठ बसून होती.

"पाणी देऊ, गणपा?" मागं आत्या विचारत होती.

"व्हय की."

फोन थांबला. चावण्याचा आवाज थांबला नाही. पुड्यात तीन पट्ट्या होत्या, आणि उद्या रविवार.