तळहाताएवढा उघडा पत्रा

शनिवारी दुपारी बारा वाजता दिपेश येणार होता आणि हरिभाऊंच्या वायरलेस सेटची आतडी बाहेर काढणार होता. हे माझे शब्द. स्वप्नीलच्या भाषेत ते 'आतून थोडं मॉडिफाय करणं' होतं.

सेट बसवला होता तो ट्रक स्वप्नीलचा, जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या पोराचा. लष्कराने मोडीत काढलेला, लिलावात घेतलेला, आणि गेले सहा महिने नवघरला सुभाषच्या शेडमध्ये उभा असलेला. सुभाष तिथलाच, मूळ गाववाला. शेडच्या तिन्ही बाजूंनी आता वीस-वीस मजल्यांचे टॉवर झालेत, पण हा आपला तिथेच गाड्या रंगवतो. ट्रक त्याने असा रंगवला होता की बघतच राहावं. लष्करी हिरवा, बिनचमकीचा, आत-बाहेर तीन-तीन हात. चेसिसच्या खालीसुद्धा, जिथे देवाशिवाय कुणी बघणार नाही तिथेही, ब्रश फिरवलेला.

आणि सेट हरिभाऊंचा. म्हणजे भंगारवाल्याकडून आणला स्वप्नीलनेच, पण जिवंत केला हरिश्चंद्र सावंतांनी. आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. सैन्यात सिग्नलमध्ये होते. जबलपूरला ट्रेनिंगला असाच सेट त्यांच्या पुढ्यात होता, एकोणीस नंबरचा. लोखंडी पेटी, समोरच्या पाटीवर अर्धी अक्षरं इंग्रजी, अर्धी रशियन. तीन महिने तो त्यांच्या जेवणाच्या टेबलावर उघडा पडला होता. त्यांच्या पत्नी वासंतीवहिनी सगळ्यांना सांगायच्या, "पोरांना कधी एवढं मांडीवर घेतलं नाही, आणि ह्या डब्याला दोन वेळा पुसतात!"

टेबलावर सेट चालला होता. मी स्वतः ऐकलाय. ट्रकात बसवला आणि मुका झाला.

मुका तरी कसा म्हणू? घूं करून एकच आवाज हेडफोनमध्ये, कान किटेपर्यंत. मंगळवारपासून हरिभाऊंनी सगळं करून पाहिलं. हेडफोन बदलले, एरियलच्या कांड्या घासून परत जोडल्या, व्हॉल्व्ह काढून पुन्हा बसवले. बॅटरीपासून दोन्ही वायरी नव्या ओढल्या. घूं काही हटेना.

रविवारी माजी सैनिकांचा मेळावा होता. तिथे हा ट्रक मैदानात उभा राहणार आणि त्यातला सेट वाजणार, असं स्वप्नील सगळ्यांना सांगून बसला होता. पोरगा वाईट नाही. उलट हरिभाऊंचा त्याला लळा. पण गुरुवारी संध्याकाळी तो शेडमध्ये आला, घूं ऐकलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. दिपेशशी बोललोय मी. मीरा रोडचा, मोबाइलवाला. तो आतलं सगळं काढून एक मस्त ब्लूटूथ स्पीकर बसवून देतो. बाहेरून सेम टू सेम. फोनवरून देशभक्तीची गाणी लावू."

"आतलं सगळं म्हणजे?" हरिभाऊंनी विचारलं.

"म्हणजे... आतलं. स्पीकरला जागा लागेल ना. फेकणार नाही, पिशवीत भरून देतो तुम्हाला."

हरिभाऊंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग म्हणाले, "शनिवारी दुपारपर्यंत थांबशील?"

"थांबतो की. बारा वाजता बोलावलंय त्याला."

घरी येताना रिक्षात ते मला म्हणाले, "सदू, पिशवीत भरून देतो म्हणतो. देव्हारा ठेवायचा आणि देव पिशवीत."

मला त्यातलं कळत नाही. मी पेटीवाला. नवघरच्या देवळात कीर्तनाला तीस वर्षं पेटीची साथ करतोय, तेवढंच माझं ज्ञान. बुवांनी पूर्वरंगात कितीही विषयांतर केलं तरी मला माझी पट्टी धरून बसायची सवय. म्हणून शनिवारी सकाळी मीही त्यांच्याबरोबर गेलो. दुसरं काही नाही तर सोबत.

आठ वाजता शेड उघडली. सुभाष चहा घेऊन आला आणि ट्रकच्या मडगार्डवर बसायच्या आधी आपल्या रुमालाने मडगार्ड पुसलं.

"काका, आज तरी बोलतंय का तुमचं खोकं?"

"बोलेल."

"कालपन हेच बोललावं तुमी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सदूभाऊ, तुमी जरा भजन म्हना त्याच्यासमोर. देव पावतो, खोकं न्हाय पावनार?"

हरिभाऊ हसले नाहीत. ट्रकात चढले, सीटवर बसले, बटण दाबलं. आत काहीतरी फिरायला लागलं, अर्धं मिनिट व्हॉल्व्ह तापले आणि आलं पुन्हा तेच. त्यांनी एक हेडफोन माझ्या कानाला दिला. घूं. पेटीच्या काळी दोनच्या जरासं वर, हलत नाही, डुलत नाही, निर्जीव.

असा तासभर गेला. ते एकेक बटण फिरवत होते, मी दारात उभा राहून हेडफोन कानाला धरून होतो. साडेनऊ वाजले असतील. डावा हात सेटवर ठेवून ते पाय मोकळे करायला उठले आणि उजव्या हाताने त्यांनी दाराची कडी धरली. तेवढ्यात घूं हलकं झालं.

"हरिभाऊ, हात काढा."

"काय?"

"कडीवरचा हात काढा हो."

त्यांनी काढला. घूं पूर्ववत. "आता परत धरा." धरला. पुन्हा हलकं, म्हणजे स्वर तोच, पण पडद्यामागे गेल्यासारखा.

हरिभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं. कडी वापरून वापरून रंग उडालेली, आतला पांढरा पत्रा दिसत होता. सबंध ट्रकात तेवढीच एक जागा उघडी राहिली होती. त्यांनी खाली वाकून सेटच्या फ्रेमचे चार बोल्ट बघितले. चारही बोल्टांखाली सुभाषचा गुळगुळीत हिरवा रंग.

"अरे देवा," ते म्हणाले. "अर्थिंग. सेट ट्रकाच्या अंगाला टेकलेलाच नाहीये. नुसता रंगावर बसलाय तो. पत्र्याला लागतच नाही. आणि मी एवढा जुना माणूस, वायरी बदलत बसलो!"

"मग?" सुभाष खालून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याला कळलंय.

"रंग खरवडायला लागेल. तळहाताएवढा. इथे, फ्रेमच्या खाली."

सुभाषने चहाचा दुसरा कप जमिनीवर ठेवला. सहा महिने तो ह्या रंगावर राबला होता, आणि मी त्याला एकदा एका माशीवर ओरडताना पाहिलं होतं, कारण ती ओल्या रंगावर बसली होती. हरिभाऊंच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. त्यांनी तो पत्र्याला लावला, पण दाबला नाही. वाट बघत राहिले.

"न्हाय," सुभाष म्हणाला.

"सुभाष, अरे, फक्त—"

"तुमी न्हाय काका. वरखडे पाराल तुमी सगलीकडं. व्हा बाजूला."

तो वर चढला. खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि बोल्ट सोडून, फ्रेम उचलून त्याखाली चारी बाजूंनी पट्ट्या लावल्या, मापात, अगदी चौकोन. मग पातळ लोखंडी पत्रीने, मग कापडी पॉलिश पेपरने खरवडायला बसला. हिरवा गेला, त्याखालचा लाल प्रायमर गेला, त्याखाली लष्कराचाच कुठला तरी जुना हिरवा निघाला, तोही गेला. आमच्या गावी देवीचं शेंदराचं कवच एकदा निखळलं होतं आणि आत चांगली रेखीव मूर्ती निघाली होती, तेव्हा गुरव असाच मान खाली घालून पुसत बसला होता. शेवटी पत्रा चमकला. सुभाषने त्यावर फुंकर मारली, ग्रीसचं बोट फिरवलं.

"गंज धरेल न्हायतर," तो म्हणाला. "महिन्याला बघाला लागंल."

फ्रेम खाली बसली, बोल्ट आवळले गेले. अकरा वाजून गेले होते. हरिभाऊंनी बटण दाबलं.

घूं नव्हतं. होता तो पावसासारखा बारीक सळसळाट, मोकळा, खोल. हरिभाऊ तबकडी फिरवू लागले, केसाएवढी. कुठेतरी कुणी परक्या भाषेत बातम्या देत होतं, ते मागे पडलं. मग सळसळाटातून एक बारीक शिट्टी आली, तुटक तुटक, लांब-आखूड, मोर्सची. हरिभाऊंचा हात थांबला. त्यांनी न बघता माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. कागद नव्हता, तर सुभाषच्या पॉलिश पेपरच्या पाठीवर लिहायला लागले. पहिली काही अक्षरं सुटली. मग ठेका सापडला त्यांना. टाळकऱ्याला बुवांची लय सापडते तसा खांदा सैल झाला आणि अक्षरामागून अक्षर उतरू लागलं.

तेवढ्यात स्वप्नील आला. "काका, दिपेश निघालाय तिकडून..." पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. हरिभाऊंनी दुसरा हेडफोन त्याच्यापुढे धरला होता.

तो बराच वेळ ऐकत उभा राहिला. "कोण आहे हा?"

"हुबळीचा कोणी हौशी रेडिओवाला. लायसनवाला. कुणाशी तरी बोलतोय."

"काय बोलतोय?"

हरिभाऊंनी लिहिलेलं वाचलं. "तिकडे ढग आलेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. जिना चढायला लागलाय आता."

स्वप्नील हसला, मग हसायचा थांबला. "एवढ्या लांबून? ह्या डब्यात?"

"ह्याच डब्यात."

"उत्तर द्या ना काका! विचारा गुडघा कसा आहे."

"लायसन लागतं त्याला. बोलायचा व्हॉल्व्ह मी आधीच काढून ठेवलाय. आपण ऐकायचं."

"नुसतं ऐकायचं?"

"ते कमी आहे काय?" मी मध्येच म्हणालो. राहवलं नाही मला. आयुष्यभर आम्ही देवळात दुसरं काय केलं?

स्वप्नीलने सुभाषने खरवडलेल्या चौकोनाकडे वाकून बघितलं. फ्रेमच्या कडेने पत्र्याची एक चकचकीत रेघ दिसत होती. एवढ्या सुंदर रंगात तेवढीच. मग त्याने खिशातून फोन काढला.

"हॅलो, दिपेश? हा, कुठे पोचलास? ... अरे नहीं, सुन ना. मत आ. गाण्यांसाठी मैदानात वेगळा भोंगा लावू आपण. नाही नाही, सेट नाही खोलायचा. चालू आहे तो... अरे, चालू म्हणजे चालू, भाई!"

"स्वप्नील," हरिभाऊ पेन न थांबवता म्हणाले, "जरा हळू बोल. दुसरा उत्तर देतोय."