गुरूंची जिन्यावरची साधना

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ध्यानगुरू एकाच वेळी दोन संगणकांशी बुद्धिबळ खेळत होते. एक संगणक तळमजल्यावर, दुसरा वरच्या खोलीत. गुरू वर चाल खेळायचे, अर्धमिटल्या डोळ्यांनी जिना उतरायचे, खाली चाल खेळायचे, पुन्हा वर. मागच्या प्रयोगात ते एक डाव जिंकले होते आणि एक हरले होते. हरलेल्या डावाचं काय, असं कुणी विचारलं, तर म्हणाले, "तो मी विश्वाला अर्पण केला." विश्वाने तो कधी मागितला होता, कोण जाणे! लोकांनी टाळ्या मात्र वाजवल्या.

आजच्या सामन्याचा निकाल अधिकृत नोंदवला जाणार होता, म्हणून मी मुख्य पंच होते. माझा जीव मात्र भाचीसाठी तुटत होता. चांगली खेळणारी पोर, पण गुरूंच्या शिबिराला गेल्यापासून सराव बंद. स्पर्धेत पटासमोर डोळे मिटून बसायची आणि वेळ संपून हरायची. तिची आई, माझी वहिनी, तर शिकवणी बंद म्हणून उद्या तिच्या प्रशिक्षकांना कळवणारच होती.

"वन्सं, तुम्ही फार शंका काढता," वहिनी म्हणाली. "यंत्राला हरवणं काय खायचं काम आहे?"

रंग चिठ्ठी टाकून ठरवू, असं मी सुरुवातीलाच म्हटलं होतं. गुरूंनी हात झटकले होते. "छे! एकीकडे पांढरे, एकीकडे काळेच हवेत. प्रकाश-अंधाराचा समतोल ढळला की ऊर्जा तुटते." आयोजकांनी लगेच माना डोलावल्या. ऊर्जेचा बाऊ कशाला, हेच मला कळेना. म्हणून मीही गुरूंच्या मागे जिना चढले-उतरले, आणि दोन फेऱ्यांतच ढोंग लक्षात आलं. मी भाचीला हाताला धरून दोन्ही पट दाखवले.

"आत्या, हा तर एकच डाव आहे!" ती ओरडली.

वरचा संगणक पांढरे खेळायचा. त्याची चाल गुरू खाली आणून स्वतःची म्हणून खेळायचे. खालच्या संगणकाचं उत्तर वर नेऊन तेही स्वतःचंच म्हणून खेळायचे. झुंज दोन यंत्रांची, गुरू नुसते टपालवाले! एकीकडे जिंकले की दुसरीकडे हरणारच, नाहीतर दोन्हीकडे बरोबरी.

मी सामना थांबवला आणि सगळ्यांदेखत चिठ्ठ्या टाकल्या. दोन्हीकडे गुरूंना पांढरे आले. आता पहिली चाल उसनी मिळणार नव्हती. गुरूंनी बराच वेळ ऊर्जा गोळा केली, दोन्ही पटांवर वजीर फुकट घालवला आणि घामाघूम होऊन डाव सोडले.

"पण वन्सं, मागच्या वेळी एक डाव जिंकले होते ना?" वहिनीचा आवाज पडला होता.

"यंत्राने यंत्राला हरवलं, वहिनी. यांनी फक्त जिना झिजवला."

भाचीने पट नव्याने मांडला. "गुरुजी, माझ्याशी खेळता?" गुरूंना नेमकी तेव्हाच ध्यानाची वेळ आठवली.

लोकहो, चमत्काराच्या अटी चमत्कार करणाऱ्याला ठरवू देऊ नका. त्यातली एक बदलून बघा, एवढंच मागणं आहे. भाचीसमोर मग मीच बसले. ती डोळे उघडे ठेवून खेळली आणि तिने मला हरवलं.