तपासणीचे जादा किलोमीटर

नोटरींची तपासणी येणार ही बातमी नगरच्या कचेरीच्या आवारात सोमवारी पोचली आणि बुधवारपर्यंत अकरापैकी दहा नोटरी आजारी पडले. कुणाची कंबर धरली, कुणाच्या मामेसासऱ्याचं दहावं निघालं, आणि एकाला तर केडगावात राहून गावात यायला रिक्षा मिळेना. रजिस्टरं मात्र सगळ्यांनी आदल्या दिवशीच शिस्तीत पाठवून दिली होती. टेबलावर हजर राहिले ते एकटे नृसिंहराव मुळे. आजारी पडायचं तर सावेडीच्या घरी सरोजिनीबाईंसमोर पडावं लागलं असतं, आणि नवऱ्याचा खोटा आजार त्यांना दारातूनच ओळखता यायचा.

नृसिंहराव एकाहत्तर वर्षांचे. चिंचेखालचं ते टेबल, गोल शिक्का आणि लाल रजिस्टर यांच्यासोबत त्यांनी बावीस वर्षं काढली होती. नोटरीचं प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं, आणि यंदा ते तपासणीच्या शेऱ्यावर अडकलं होतं. शेरा वाईट आला की टेबल गेलं. मग उरलेलं आयुष्य घरी बसून मटार सोलायचे, चुकीची कोथिंबीर आणायची आणि ती परत करायला जायचं. या धास्तीने गडी तीन दिवस नीट जेवला नव्हता.

तसा सरकारने नोटरींवर याआधीही खर्च केला होता. गेल्या वर्षी शिर्डीच्या एका हॉटेलात सहा तासांचं प्रशिक्षण झालं. त्यातले चार तास जेवण, दर्शन आणि सामुदायिक फोटो यांत गेले, उरलेल्या दोन तासांत माईक दुरुस्त झाला. प्रत्येकाला चेन न लागणारी एक पिशवी मिळाली. त्या प्रशिक्षणाचा काय उपयोग झाला, हे बघायला आता दुसरा खर्च भाड्याच्या पांढऱ्या गाडीत बसून मुंबईहून आला होता.

तपासणीला आलेल्या प्रणिता राजहंस मॅडम चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर, बोलणं नेमकं. त्यांनी नृसिंहरावांचं रजिस्टर उघडलं आणि दोन-चार पानं उलटल्यावर चष्मा डोळ्यांवर घेतला.

"मुळेसाहेब, बाकीच्यांच्या दिवसाला चाळीस-चाळीस नोंदी आहेत. तुमच्या सहा. एखाद्या दिवशी सात."

"होतात तेवढ्याच."

"की होतात जास्त आणि लिहिता तेवढ्याच?"

नृसिंहरावांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. बावीस वर्षांत एक शिक्का नोंदीशिवाय उमटला नव्हता, आणि आता कमी नोंदी हाच त्यांच्यावरचा आळ झाला होता. तेवढ्यात टेबलासमोर एक जोडपं येऊन उभं राहिलं.

"वकीलसायेब, लई घाई हाय. येवढा शिक्का मारा," कारभारी म्हणाला. तो जवळच्याच एका वाडीचा शेतकरी. हातात टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र, मागे बायको चांगुणा. भावापासून रेशनकार्ड वेगळं करून हवं होतं.

नृसिंहरावांनी कागद घेतला, वाचला आणि पालथा घालून ठेवला. हीच ती त्यांची खोड, जिच्यापायी लोक शेजारच्या टेबलांवर जायचे.

"आता कागद विसरा. यात काय लिहिलंय, ते तुमच्या शब्दांत सांगा."

"आमी दोघं भाऊ येगळं ऱ्हातो. चूल येगळी हाय," कारभारी पाठ केल्यासारखं म्हणाला.

"कधीपासून?"

कारभारी चिंचेकडे बघायला लागला. उत्तर चांगुणाने दिलं. "आवो, येगळी कशाची? कालच जावेनं पिठलं केलं, भाकरी म्या थापल्या, आन् समदे संगं जेवले."

"तुला कुनी इचारलं हुतं?"

"वकीलसायबांनी इचारलं की!"

नृसिंहरावांनी कागद हळूच परत सरकवला. "चूल वेगळी झाली की या. मी इथंच आहे." हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज जरा पडला, कारण ते खरं ठरेल की नाही, हे समोरच्या बाईंच्या हातात होतं. कारभारी बायकोला रागावत निघाला आणि फाटकापाशी पोचेपर्यंत स्वतःच हसायला लागला. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते नृसिंहरावांना उलटं वाचता आलं नाही, प्रयत्न मात्र त्यांनी मनापासून केला.

दुपारी मॅडमचा फोन वाजला. पलीकडे त्यांच्याच खात्यातला हिशेबाचा कारकून होता, आणि त्याचा आवाज टेबलापर्यंत ऐकू येत होता. गाडीवाल्याने पाठवलेल्या आकड्यांत एकशे साठ किलोमीटर जादा दिसत होते. ते का झाले याचं प्रतिज्ञापत्र नोटरी करून आजच पाठवा, नाहीतर दौऱ्याचं सगळं बिल परत येईल, असं त्याचं म्हणणं. मॅडमनी समोरच्या टायपिस्टकडून चार ओळी करून आणल्या. मग त्या आवारभर बघत राहिल्या. दहा टेबलं रिकामी होती.

त्या नृसिंहरावांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. सकाळी बसल्या होत्या त्याच खुर्चीत, पण या खेपेला पदर सावरून.

नृसिंहरावांनी कागद वाचला. रस्त्याचं काम चालू असल्याने गाडी वळवावी लागली, असं त्यात होतं. त्यांनी माठातलं पाणी घेतलं, प्याले, आणखी एक पेला प्याले. समोरच्या बाईंच्या पिशवीत आपल्या प्रमाणपत्राची फाईल आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक शिक्का मारायला दोन सेकंद लागतात, हेही ठाऊक होतं. त्यांना अगदी मनापासून वाटलं की आज आपणही आजारी पडायला हवं होतं.

मग त्यांचा हात सवयीने पुढे झाला आणि कागद पालथा घातला.

"मॅडम, तुमच्या शब्दांत सांगा."

"मी?"

"सही करणारा जो असेल तो."

"रस्त्याचं काम..." मॅडम बोलायला लागल्या आणि थांबल्या. चष्मा काढून डोक्यावर ठेवला. "कुठं चालू होतं म्हणाल तर... मुळेसाहेब, काम-बिम काही नव्हतं. आईचं ऑपरेशन झालं महिन्यापूर्वी. नीट झालं तर शिर्डीला जाऊन पेढे ठेवीन, असं बोलले होते. मला रविवारसुद्धा मिळत नाही हो. नगरपर्यंत आलेच होते, म्हणून काल परस्पर जाऊन आले."

"आई बऱ्या आहेत आता?"

"चालायला लागल्या."

"छान. मग हेच लिहू. खरं आहे, लगेच शिक्का मारतो."

"हे लिहिलं तर तेवढ्या किलोमीटरचे पैसे माझ्या पगारातून जातील."

"जातील," नृसिंहराव म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं.

"तुमचा शेरा मला आज संध्याकाळी लिहायचाय, हे माहितीय ना?"

"म्हणून तर दोन पेले पाणी प्यालो."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागदाची नीट घडी केली, पिशवीत घातला आणि गाडीत बसून निघून गेल्या. नृसिंहरावांनी शिक्का फडक्याने पुसून डबीत ठेवला. कोरडाच होता, तरी पुसला.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. सरोजिनीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "एखाद्याला तरी न विचारता सोडायचं होतंत," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी ताटात रात्रीची नेहमीची मुगाची खिचडी न वाढता भरली वांगी वाढली. दुसऱ्या दिवसापासून मटार सोलण्याचा सराव सुरू झाला. चुकीची कोथिंबीरही दोनदा आली.

पाच आठवड्यांनी लांबोडकं पाकीट आलं. नृसिंहराव ते नुसतं उलटसुलट करत बसले, तेव्हा सरोजिनीबाईंनीच ते फोडलं. आत नवं प्रमाणपत्र होतं, पाच वर्षांचं. सोबत तपासणी अहवालाची प्रत. सरोजिनीबाईंनी ती मोठ्याने वाचली.

"नोंदी फार कमी. कारण, श्री. मुळे प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावतात. तपासणीच्या दिवशी दोन व्यक्ती प्रतिज्ञापत्र न करताच परत गेल्या. दोन्ही प्रतिज्ञापत्रं खोटी होती, याची मला स्वतःला खात्री आहे."

नृसिंहरावांनी चष्मा काढला. तो पुसत बसले. त्यांना रडू येत होतं आणि ते सरोजिनीबाईंना दिसलेलं नको होतं. त्यांनीही ते दिसलं नाही असं दाखवलं आणि पुढचा कागद काढला.

"हे बघा. पुढच्या महिन्यात नोटरींचं प्रशिक्षण, शिर्डीला. व्याख्याते, श्री. नृसिंह मुळे. अगं बाई! मानधन, निरंक. पण न्यायला-आणायला सरकारी गाडी येणार आहे."

"वा," नृसिंहराव म्हणाले. आवाज अजून ओला होता.

"मग मीही येते ना त्या गाडीतून. एक जागा रिकामीच जाणार."

नृसिंहरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, हात पुढे केला, बायकोच्या हातातला कागद घेतला आणि टेबलावर पालथा घातला.

सरोजिनीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात ही वेळ पहिल्यांदाच त्यांच्यावर आली होती.

"दर्शनाला हो, आणखी कशाला," त्या शेवटी म्हणाल्या. "येईन मी एसटीनं."