केकच्या खोक्यातली हवा

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पाण्याचा नव्हे, सायकलचाही नव्हे. ते दोघे माझे दूरचे नातेवाईक, आणि त्यांचं बरं चाललं आहे. मी धूळ मोजणारा पंप. आकाराने जेवणाच्या डब्याएवढा, वजनाला थोडा जास्त. मला माणसाच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवतात. माझ्यातून एक रबरी नळी निघते, पाठीवरून खांद्यावर येते, आणि तिच्या टोकाची चपटी डबी कॉलरला, अगदी नाकाजवळ लावतात. डबीत कागदासारखी पातळ पांढरी चकती असते. माणूस काम करता करता श्वास घेतो, त्याच्याबरोबर मीही घेतो. फरक एवढाच, की माझा श्वास संध्याकाळी बाहेर काढून तराजूवर ठेवता येतो. माणसाचा आतच राहतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका बाईंनी माझे स्क्रू पिळले, कानाला लावून माझी गुणगुण ऐकली आणि "हा बरा बोलतो" म्हणून मला पुढच्या टेबलावर ढकललं. आयुष्यातलं हे माझं पहिलं कौतुक.

तरुणपणी मी पुष्कळ हिंडलो. दगड फोडणाऱ्यांच्या कमरेला लटकलो, सूतगिरणीत कापसाचे तंतू गिळले, रंगाच्या कारखान्यात निळा झालो. मग कॉलेजात नवी यंत्रं आली. त्यांना दिवे होते, आकडे दाखवणारा पडदा होता. माझ्याजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं. मला प्रयोगशाळेतल्या कपाटावर ठेवण्यात आलं. शेजारी गेल्या वर्षीच्या पर्यावरण सप्ताहाचा फलक होता. 'प्लास्टिक टाळा' असं त्याच्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. फलक प्लास्टिकचा होता.

अशी बरीच वर्षं गेली. आणि मग माझ्या आयुष्यात घोषणा आली.

हे तिचं खरं नाव नव्हे. प्रयोगशाळेतल्या काकांनी ठेवलेलं. 'पर्यावरण, आरोग्य आणि शाश्वत जीवन' या अभ्यासक्रमाची ही विद्यार्थिनी घोषणांशिवाय बोलतच नसे. नळ ठिबकताना दिसला तर तो बंद करण्याआधी ती पाण्याच्या प्रत्येक थेंबाबद्दल चार शब्द बोले. तोवर आणखी थेंब पडत. मुलगी मनाने लाख चांगली. फक्त जगाला वाचवायचं आहे हे तिला ठाऊक होतं आणि जग म्हणजे नेमकं कुठून सुरू होतं, हे अजून ठाऊक नव्हतं.

मॅडमनी प्रकल्प दिला: आपल्या ओळखीच्या कामाच्या जागी जा, तिथली हवा मोजा. यंत्रं वाटली गेली तेव्हा घोषणा पोस्टर चिकटवत होती. ती धावत आली तोवर पडदेवाली यंत्रं संपली होती. काकांनी मला खाली काढलं, फुंकर मारली आणि म्हणाले, "हा घे. म्हातारा आहे, पण खोटं बोलत नाही."

घोषणाने जागा निवडली ती घरचीच. तिच्या बाबांची बेकरी होती. मागे भट्टी आणि मळण्याचं टेबल, पुढे काउंटरवर आत्या. बाबा आणि आत्या सख्खे बहीणभाऊ, त्यामुळे दिवसभर भांडण आणि पाव दोन्ही ताजे.

बाबांना खोकला होता. जुना, घरातल्याच माणसासारखा झालेला. डॉक्टरांनी नाकातोंडात मारायचा फवारा दिला होता आणि सांगितलं होतं, "छातीला कशाचा तरी त्रास होतोय. तो शोधा. नाहीतर पुढच्या हिवाळ्याआधी भट्टीपुढचं काम सोडावं लागेल." बाबांनी दोष थंडीला दिला, मग उन्हाळ्याला, मग आत्याच्या उदबत्तीला. काम सोडणं हा विषय घरात कुणी काढत नसे. बाबा बेकरीत नसले तर काय करतील, याची कल्पनाच कुणाला करता येत नव्हती. त्यांनाही नाही.

कारण बाबांची फेक. टेबलावर गोळा ठेवण्याआधी पीठ भुरभुरावं लागतं, नाहीतर तो चिकटतो. इतर लोक भुरभुरतात. बाबा मूठ भरून हात खांद्याच्या वर नेत आणि असा झटका देत, की पीठ हवेत पंख्यासारखं उघडे आणि टेबलभर एकसारखं उतरे. हे त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. काचेपलीकडे शाळकरी मुलं ते बघायला थांबत. आत्या म्हणे, "आपल्याला पाटी कशाला हवी? हा आहे ना."

घोषणाने मला बाबांच्या कमरेला बांधलं. "बाबा, कॉलेजचं यंत्र आहे. जुनं आहे, आता मिळत नाही. जपून हं!"

"अगं, तुला वाढवलं ना जपून?"

ती गेली. त्या दिवशी गावात स्वच्छ हवेसाठी पदयात्रा होती आणि पहिल्या रांगेत घोषणा द्यायला कुणीतरी हवं होतं.

ती दिसेनाशी होताच बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिठाकडे पाहिलं. एवढं दुर्मीळ यंत्र, आणि या पिठात? त्यांनी मला अलगद सोडवलं, नळीची गुंडाळी केली, केकच्या नव्या कोऱ्या खोक्यात ठेवलं, झाकण लावलं आणि वर फीत बांधली. दिवसभर मी खोक्यात गुणगुणत होतो. पुठ्ठ्याचा वास घेत होतो. बाहेर फेक चालली होती आणि बाहेर खोकला चालला होता. मित्रांनो, मला आवाज आहे, पण बोलता येत नाही. त्या दिवशी याचं फार वाईट वाटलं.

संध्याकाळी बाबांनी मला पुन्हा कमरेला लावलं. घोषणा आली, तिने चकती काढली, प्रयोगशाळेत नेऊन काचेच्या पेटीतल्या नाजूक तराजूवर ठेवली. वजन जवळजवळ सकाळएवढंच. ती आनंदाने उडालीच. तिने अहवाल लिहिला: बेकरीतील हवा उत्तम आहे. बाबांनी त्याची प्रत काचेवर चिकटवली, दुसरी घेऊन डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. "कॉलेजनेच लिहून दिलंय म्हटल्यावर डॉक्टर काय बोलणार? मी म्हटलंच होतं, थंडी आहे."

मॅडमनी अहवाल वाचला. मग चष्मा काढून पुन्हा वाचला.

"अगं, आपल्या या वर्गातसुद्धा यापेक्षा जास्त धूळ आहे. आपण सगळे तुमच्या बेकरीतच राहायला येऊ का?"

वर्ग हसला.

"पंप दिवसभर कुठे होता?"

"बाबांच्या कमरेला."

"तू पाहिलंस?"

घोषणाने अहवाल परत उचलला. मी तिच्या पिशवीत होतो; तो घडी होऊन माझ्या अंगावर येऊन पडला.

घरी येऊन तिने विचारलं तेव्हा बाबा अभिमानाने म्हणाले, "कमरेला? वेडी आहेस का! एक कण लागू दिला नाही मी त्याला. खोक्यात होता."

"फीतसुद्धा बांधली होती," आत्या काउंटरवरून म्हणाली. "मी विचारलं, दादा, हे कुणाला वाढदिवसाला द्यायचंय?"

घोषणाला हसू आलं नाही. ती काचेजवळ गेली आणि चिकटवलेला अहवाल नखाने सोडवू लागली. बाबा बघत राहिले.

"अगं, काय करतेस? गिऱ्हाइकं वाचतात ते."

"चुकीचं आहे ते, बाबा. मी चुकीचं लिहिलंय. हे घेऊन डॉक्टरांकडे जाऊ नका."

कागदाचा एक कोपरा काचेला चिकटून राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या वेळी ती गेली नाही. पिठाच्या पोत्यावर दिवसभर बसून राहिली. मी बाबांच्या कमरेला होतो, डबी कॉलरला. मित्रांनो, त्या दिवशी मी जे ओढलं ते मला दगडाच्या खाणीची आठवण करून देणारं होतं. गंमत अशी, की चकती काढली तर पांढरीच. पीठही पांढरं, चकतीही पांढरी. डोळ्यांना काहीच दिसेना. तराजूला मात्र दिसलं. तराजूचा काटा असा हलला की काका म्हणाले, "बाप रे."

आता घोषणाच्या हातात सत्य होतं, आणि सत्य हातात आलं की माणसाचा आवाज चढतो. तिने त्याच रात्री जेवताना व्याख्यान दिलं. धूळ, फुप्फुसं, कामगारांचा हक्क, धूळमुक्त बेकरी. बाबांनी घास खाली ठेवला.

"पिठाला धूळ म्हणू नकोस. अन्न आहे ते. त्याच्यावर तू वाढलीस."

मग ते उठून गेले. आत्या ताटं आवरत म्हणाली, "त्याच्या हाताला नावं ठेवलीस तू. छातीचं बोलायचं होतं, हाताचं बोललीस."

पुढचे काही दिवस बापलेकीत फक्त मीठ देण्याघेण्यापुरतं बोलणं राहिलं. घोषणा मात्र रोज कॉलेजला जाण्याआधी येऊन पोत्यावर बसायची. मी तिच्या मांडीवर. ती काही बोलत नसे. मला वाटतं, अभ्यासक्रमातला सगळ्यात अवघड धडा ती तिथे शिकली, आणि तो पुस्तकात नव्हता. एका सकाळी झरोक्यातून ऊन तिरपं आत आलं आणि तिला दिसलं: फेकीनंतर पिठाचा पंखा उतरतो, पण त्याचा एक पदर उतरतच नाही. तो उन्हात तरंगत बाबांच्या चेहऱ्याभोवती राहतो. बाबा गोळ्यावर वाकतात, दीर्घ श्वास घेतात. मग खोकला.

तिने तोंड उघडलं. मला भीती वाटली, आता घोषणा येणार. पण ती म्हणाली, "बाबा, एक विचारू? सगळी मूठ टेबलावर बसवता येते का हो? थोडीसुद्धा हवेत न जाता?"

बाबांचा हात थांबला. "का? येत नाही असं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. अवघड असेल."

"अवघड!" बाबा आत्याकडे वळले. "ऐकलंस? हिला अवघड वाटतंय."

"करून दाखव मग," आत्या म्हणाली. "नुसता बोलतोस."

त्यांनी हात कमरेएवढा खाली घेतला, मनगट फिरवलं. पिठाचा ढीग झाला. आत्या हसली. बाबांनी ढीग पुसला, पुन्हा केलं. आता टेबलाच्या एका कोपऱ्यात पीठ आणि बाकीचं टेबल उघडं. गोळा चिकटला. बाबांनी शिवी गिळली. आयुष्यभर ज्या हाताने सहज केलं तेच काम नव्याने शिकताना पन्नाशीच्या माणसाचे कान लाल होतात, हे मी पाहिलं. पण ते थांबले नाहीत. "त्या भुंग्याला इकडे आण," ते म्हणाले. भुंगा म्हणजे मी. "बांध कमरेला. खोक्याबिक्यात नाही, उघडा. बघू काय म्हणतो."

तिथून आमची शर्यत सुरू झाली. बाबा रोज मला बांधत, घोषणा संध्याकाळी चकतीचं वजन करून आणी, आणि बाबा गिऱ्हाइकाला पाव देता देता तिच्या चेहऱ्यावरून निकाल ओळखत. वजन उतरलं की त्या दिवशी शेवटचा पाव कुणालातरी फुकट. चढलं की माझ्याकडे रागाने बघणं. मग त्यांना सुचलं की पोतं उंचावरून ओतायचं नाही, तोंड पातेल्यात टेकवून ओतायचं. घोषणाने सुचवलं की संध्याकाळी झाडूऐवजी ओलं फडकं. आत्याने कुरकुर केली, कारण फडकं तिने धुवायचं होतं. मग तेही बाबाच धुऊ लागले.

नवी फेक बसायला बराच काळ गेला. मनगटातून निघणारी, जमिनीलगत उडणाऱ्या पक्ष्यासारखी बुटकी फेक. काचेपलीकडची मुलं आधी नाराज झाली. मग एकाने ओरडून विचारलं, "काका, पीठ गेलं कुठे?" आणि बाबांच्या लक्षात आलं, की न दिसणारी फेक जास्त मोठी जादू आहे.

हिवाळा आला. डॉक्टरांनी छाती तपासली, पुन्हा तपासली. खोकला गेला नव्हता. इतक्या वर्षांचा पाहुणा असा तडकाफडकी जात नाही. पण पूर्वी तो दिवसभर बसायचा, आता सकाळी डोकावून जाई. "भट्टी सोडायचं तूर्त राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "मोजत मात्र राहा." बाबा बाहेर आले आणि रस्त्यातच घोषणाला म्हणाले, "तुझा भुंगा कॉलेजला परत द्यायचा का गं? अजून चार दिवस राहिला असता."

घोषणाने दुसरा अहवाल लिहिला. त्यात पहिला अहवाल चुकला कसा, हे सगळ्यात आधी लिहिलं. मॅडमनी तो वर्गात वाचून दाखवला आणि चष्मा पुसला. आता घोषणा शिकून बाहेर पडली आहे. निरनिराळ्या कारखान्यांत, गोदामांत, धुलाईखान्यांत जाते, आणि मी ऐकतो की ती गेल्यावर आधी बराच वेळ नुसती बसते. बोलायला लागली की अजून कधीमधी घोषणा निसटते. जाऊ द्या, सगळंच सुटायला नको.

मित्रांनो, मी पुन्हा प्रयोगशाळेत आहे, पण कपाटावर नाही. माझी नळी नवी आहे, बॅटरी बदलली आहे. दरवर्षी मुलं मला घेऊन जातात. माझ्या पाठीवर जुनी चिठ्ठी होती, 'काळजीपूर्वक हाताळा'. जाण्याआधी घोषणाने तिच्याखाली आणखी एक चिकटवली. माझी तुम्हांला एवढीच विनंती आहे, की ती वाचा, आणि मला जसं वागवाल तसं तुमच्या घरच्या खोकल्यालाही वागवा. तिच्यावर लिहिलं आहे: 'जपा, पण झाकू नका.'