कानात सांगितलेला सिनेमा

मित्रांनो, मी एक जुना इअरफोन आहे. गाणी ऐकायचा नव्हे, न येणारी भाषा समजून घ्यायचा. कानात बसणारी एक गोळी, तिला वायर, आणि वायरीच्या टोकाला गळ्यात अडकवायची पत्त्यांच्या जोडाएवढी डबी. डबीवर पांढऱ्या रंगाने सतरा आकडा लिहिलेला आहे. तेच माझं नाव.

कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाने पाहुण्यांच्या सभेसाठी आम्हा चोवीस जणांना विकत आणलं. पाहुण्यांनी दोन दिवस आम्हाला कानात घातलं, माना डोलावल्या, ‘छान सोय आहे’ म्हणाले. मग काळ्या पेटीचं झाकण बंद झालं. पेटीत प्रत्येकाला बरोबर आपल्या मापाची खाच होती. इकडे हलता येत नाही की तिकडे. पेटी तळघरात, बिनखिडकीच्या खोलीत. अशी सहा वर्षं गेली. पोटातले सेल फुगून पाझरले आणि माझी एक पट्टी हिरवी पडली. ओरडावं म्हटलं, तर मला स्वतःचा आवाज नाही. दूर कोणीतरी माइकमध्ये बोलतं, तेव्हाच मी बोलतो.

झाकण उघडलं ते ओदिलिया बाउतिस्ता या मुलीने. सकाळी ती इस्पितळात रुग्णांची दुभाषी होती आणि दुपारी विद्यापीठात शिकत होती. तिथे दर एप्रिलमध्ये एका शनिवारी-रविवारी दक्षिणेकडच्या देशांतून आलेल्या लॅटिनो लोकांचा चित्रपट महोत्सव भरायचा. तो भरवायचे प्राध्यापक आन्सेल्मो बारिएन्तोस. त्यांचे आईवडील याच खोऱ्यात लेट्यूस कापत म्हातारे झाले होते, म्हणून शेतमजुरांना फुकट प्रवेश, असा त्यांचा नियमच होता.

एकदा ओदिलिया त्यांना म्हणाली, “सर, शेवटच्या रांगेतली माणसं दरवर्षी मधूनच उठून जातात. का जातात, कधी विचारलंत?”

“थकलेली असतात गं. आठवडाभर स्ट्रॉबेरी तोडून पाठीचा काटा ढिला झालेला असतो.”

“थकून नाही जात. त्यांना स्पॅनिश येत नाही. ती आमची डोंगरातली माणसं, मिश्तेको बोलणारी. आपल्या लोकांचा महोत्सव म्हणता, आणि आपल्याच लोकांना मुका सिनेमा दाखवता.”

प्राध्यापक ओशाळले. “माझ्या लक्षातच आलं नाही,” एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तळघराची किल्ली आणून दिली. ओदिलियाने जुन्या टूथब्रशला व्हिनेगर लावून माझी हिरवी पट्टी घासली. त्या वासाने माझा जीव जाईल असं वाटलं. पण मी जगलो.

महोत्सवात मी एउलालिया आजींच्या वाट्याला आलो. आजी सत्तरीच्या. बोटं स्ट्रॉबेरीच्या रसाने कायमची काळपट झालेली. शेजारी क्रेसेन्सिओ बसायचे, त्यांच्याच गावचे, कुजकट बोलण्यात हातखंडा. त्यांना थोडंफार स्पॅनिश यायचं, म्हणून चार वर्षं तेच आजींना गोष्ट सांगत आले होते.

दिवे मालवले. मागच्या काचेच्या खोलीतून ओदिलिया माइकमध्ये पडद्यावरचं बोलणं मिश्तेकोत सांगू लागली. मी ते आजींच्या कानात सोडलं. आजी दचकल्या. मग पुढे सरकून बसल्या. दहा मिनिटांनी त्यांनी क्रेसेन्सिओंना कोपराने ढोसलं.

“मेल्या, हा तिचा नवरा आहे! मागच्या साली हेच चित्र लागलं, तर तू भाऊ म्हणाला होतास!”

“अगं, भाऊच बरा होता. नवरा निघाल्यावर बघ, कसा वागला.”

आजी इतक्या हसल्या की मी कानातून निसटून मांडीवर पडलो. त्यांनी मला पुन्हा कानात घातलं आणि वरून तळहाताने दाबून धरलं. कोणी आपल्याला इतकं घट्ट धरावं, हे सुख मला तोवर माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी शेवटची रांग पुरेनाशी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी शेतातल्या तीन बायकांनी मोबाइलवर स्वतःचा नऊ मिनिटांचा सिनेमा केला. बाया एकमेकींना ‘दिग्दर्शिका बाई’ म्हणून चिडवू लागल्या. आम्ही मात्र दोन दिवस संपले की पुन्हा पेटीत. वर्षातले दोन दिवस सोडले, तर मी कैदीच होतो.

चौथ्या वर्षी कैद सगळ्यांच्याच वाट्याला आली.

शनिवारची दुपार होती. एक विद्यार्थिनी धावत येऊन प्राध्यापकांच्या कानाला लागली. त्यांनी सिनेमा थांबवून दिवे लावले. “पूर्वेच्या फाटकाशी पांढरी गाडी उभी आहे,” ते सावकाश म्हणाले. “काळी जाकिटं घातलेली इमिग्रेशन खात्याची माणसं येणाऱ्याजाणाऱ्यांचे इथे राहण्याचे कागद तपासताहेत. या दालनात शिरायला त्यांना न्यायाधीशाचा हुकूम लागतो, आणि तो त्यांच्याजवळ नाही. म्हणून आपण आत बसू.”

ओदिलियाने तेच मिश्तेकोत सांगितलं. तिच्या आवाजात नेहमीचा खेळकरपणा नव्हता. माझ्यातून तो आवाज गेला आणि आजींच्या कानामागची शीर उडू लागली.

दालनात शंभरावर माणसं होती. कोणी ओरडलं नाही. फक्त खुर्च्या वाजल्या आणि फोन उजळले. प्राध्यापकांनी पुढचा सिनेमा लावला, त्यानंतरचा लावला. सिनेमे संपले, तेव्हा पहिल्यापासून पुन्हा लावले. बाहेर ऊन होतं, आत अंधार. हवा कोंदट झाली. एक मूल रडत होतं आणि त्याची आई त्याचं तोंड शालीआड दाबत होती. ओदिलिया न थांबता बोलत होती. संवाद संपले की सांगायची, “गाडी अजून आहे. बसून राहा. पाणी पुढे पाठवा.” तिचा घसा बसत चालला होता.

“ही बाई आज दुसऱ्यांदा मरतेय,” क्रेसेन्सिओ पडद्याकडे बघत म्हणाले. “आता तरी कोणी वैद्य बोलवा रे.”

दोघंतिघं हसले. आजी हसल्या नाहीत. त्या उठल्या.

“कुठं निघालीस?”

“घरी. शेतात वाकून राहिले, खोलीत दडून राहिले. आता सिनेमातही कोंडून घेऊ? श्वास पुरत नाही मला.”

त्या दाराकडे चालू लागल्या. ओदिलियाला काचेतून ते दिसलं. सिनेमा चालू होता, पण ती सिनेमाचं काही बोलली नाही.

“एउलालिया आजी,” तिचा घोगरा आवाज माझ्यातून आला, “थांबा असं मी म्हणणार नाही. जे आहे ते सांगते. दाराबाहेर वीस पायऱ्या आहेत. खाली आता त्यांची चार माणसं उभी आहेत. आत्ताच त्यांनी एका माळ्याला गाडीत घातलं. मला जितकं माहीत आहे, तितकं सांगितलं. आता तुम्ही ठरवा.”

आजी दाराशी उभ्या राहिल्या. हात दाराच्या मुठीवर. मग त्या वळल्या आणि मधल्या वाटेने सरळ पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. प्राध्यापकांनी सिनेमा थांबवला. आजींनी मला गळ्यातून काढून त्यांच्या गळ्यात घातलं आणि ‘कानात घाल’ अशी खूण केली. मग सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात मिश्तेकोत बोलू लागल्या. मागून ओदिलिया ते स्पॅनिशमध्ये सांगू लागली. इतक्या वर्षांत माझ्यातून पहिल्यांदाच गोष्ट उलट्या दिशेने गेली.

आजी म्हणाल्या, “मी नऊ वर्षांची असताना खेचरावर यंत्र लादून एक माणूस गावात आला. चादर बांधली, सिनेमा दाखवला. तो स्पॅनिशमध्ये होता. कोणाला एक अक्षर कळलं नाही. पण पडद्यावरची बाई रडली, तशी माझी आई रडली, मावशा रडल्या, मग मीही रडले. घरी जाताना विचारलं, ‘आई, आपण का रडलो?’ आई म्हणाली, ‘कुणास ठाऊक. सगळे रडत होते.’ साठ वर्षं मी तशीच, सगळे रडतात म्हणून रडत आले. आज काय चाललंय ते मला कळतंय. भीती वाटतेय, पण कशाची, ते कळतंय. हे या पोरीनं दिलं. ती दमलीय. तिला कोणीतरी पाणी द्या.”

प्राध्यापकांनी मला कानात दाबून धरलं होतं. त्या दिवशी आजींनंतर एकेक जण उठत गेला आणि बोलत गेला. संध्याकाळी सहाला गाडी गेली. माणसं दोघादोघांनी बाहेर पडली. प्राध्यापकांनी मला परत आजींच्या गळ्यात घातलं, आणि घाईघाईत मी तसाच त्यांच्या घरी आलो.

दालनातल्या कोणालाही काळ्या जाकिटवाल्यांनी नेलं नाही. पण तीन आठवड्यांनी क्रेसेन्सिओ पैसे टाकून यंत्रात कपडे धुवायच्या दुकानात गेले होते, तिथून त्यांना नेलं. यंत्रात त्यांचे कपडे फिरतच राहिले. आजींनी ते शेजारणीकडून आणवले, वाळवले, घड्या घातल्या. ते अजून इथेच कपाटात आहेत.

तेव्हापासून आजी बाहेर पडत नाहीत. खिडकीला घोंगडी लावली आहे. यंदाच्या महोत्सवात शेवटची रांग रिकामी होती, असं शेजारीण सांगत होती. मी चुलीशेजारच्या खिळ्याला लटकतो. दर शनिवारी आजी माझे सेल बदलतात आणि मला कानात घालून काम करतात. माझ्यात नुसती खरखर असते. ती ऐकवताना मला लाज वाटते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना पुसून, सुकवून ठेवा, हे तर आहेच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. सगळे हसत असताना तुमच्या शेजारचा एखादा हसत नसेल, तर त्याला रुक्ष म्हणू नका. त्याच्यापर्यंत गोष्ट पोहोचली का, ते आधी विचारा. विचारल्याशिवाय कळत नाही. आन्सेल्मोसारख्या भल्या माणसालाही कळलं नव्हतं.

परवाच्या शनिवारी दिवेलागणीला आजी मका निवडत होत्या. मी कानात होतो. गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज आला आणि आजींचे हात जागच्या जागी थिजले. तोच खरखरीतून कोणीतरी खाकरलं.

“मी ओदिलिया. माइक घेऊन गल्लीत गाडीत बसलेय. समोरच्या चर्चच्या भिंतीवर सिनेमाची चादर बांधलीय. बाहेर यायची गरज नाही, खिडकीतून दिसेल. नाही दिसलं तरी मी सगळं सांगेन. तुमच्यातल्या अकरा जणांकडे इअरफोन राहिलेत, ते मागायला नाही आले. आवाज येतोय का? येत असेल तर हात वर करा. मला नाही दिसला तरी चालेल.”

बंद स्वयंपाकघरात, मक्याच्या परातीसमोर, आजींचा दंड माझ्या वायरीला घासून वर गेला.